बोअरचे लाल पाणी आणि सारखी तुंबणारी कॅन्डल : आरओ बदलण्याआधी काय तपासावे

राजापूर तालुक्यातील घरी तुमचे आई-वडील राहतात. तेथील २२० फूट बोअरचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, पण बादलीत तासा-दोन तासांत पिवळसर होते आणि सकाळपर्यंत तळाशी तांबूस थर बसतो, असे तुम्ही लिहिले आहे. आरओच्या बाहेर लावलेली कॅन्डल (पाण्यातील कण गाळणारी, बदलता येणारी नळकांडी) पंधरा दिवसांत विटकरी रंगाची होत असे. तंत्रज्ञाने ५ मायक्रॉनऐवजी १ मायक्रॉनची, म्हणजे अधिक बारीक छिद्रांची, बसवल्यावर ती आठवड्यातच तुंबू लागली. वर्षभरात मेम्ब्रेन (आरओमधील गाळणारा मुख्य पडदा) एकदा बदलून झाले आहे आणि आता मोठा आरओ घ्या, असा सल्ला मिळाला आहे. शिवाय मोटर सुरू होताना थोडी वाळू येते, न्हाणीघरातील जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनच्या नळातून अधूनमधून गंजाचे पापुद्रे पडतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ११० मिलिग्रॅम आहे, हेही तुम्ही नोंदवले आहे. इतका तपशील दिल्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पाणी शुद्धीकरणाची कामे मी अनेक वर्षे करत आहे, आणि त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे की नवा आरओ तूर्त घेऊ नये. तुमच्याकडे एक नव्हे, तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत: बोअरच्या पाण्यात विरघळून येणारे लोह, बोअरमधून येणारी वाळू आणि घरातील पाइपांचा गंज. तिघांचा रंग थोडाफार सारखा असल्याने सगळ्यांना ‘गाळ’ म्हटले जाते आणि सगळ्यांवर अधिक बारीक कॅन्डल हाच उपाय सुचवला जातो. प्रत्यक्षात वाळू बोअरपाशी थांबवावी लागते, पाइपांचा गंज पाइप बदलूनच जातो आणि विरघळलेले लोह कोणतीही कॅन्डल अडवू शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घेतल्यास पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोह फेरस रूपात विरघळलेले असते. सरबत गाळणीतून ओतले तरी साखर गाळणीत राहत नाही, तसेच हे लोह कॅन्डलमधून आरपार जाते. पाणी हवेच्या संपर्कात आले की त्याचे फेरिक रूपात रूपांतर होते, ते विरघळत नाही आणि तांबूस कणांच्या रूपाने बाहेर पडते. उपसताना स्वच्छ असलेले पाणी बादलीत लाल होते ते यामुळेच. हे रूपांतर तुमच्या टाकीत अर्धवट होते, काही कॅन्डलमध्ये होते आणि उरलेले थेट मेम्ब्रेनवर होते. मेम्ब्रेनवर बसलेला तो थर घरच्या घरी धुऊन निघत नाही. घरगुती आरओच्या माहितीपत्रकांत येणाऱ्या पाण्यातील लोहाची मर्यादा साधारणपणे लिटरला ०.३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी दिलेली असते. त्याहून जास्त लोह असलेले पाणी सोडल्यास कोणत्याही कंपनीचे मेम्ब्रेन लवकर निकामी होईल.

१ मायक्रॉनच्या कॅन्डलने परिस्थिती का बिघडली, तेही यातून उलगडते. तुमच्या पाण्यातील लोहाचा आकडा आपल्याकडे नाही, म्हणून केवळ हिशेबासाठी लिटरला ३ मिलिग्रॅम धरू. घराचा वापर रोज ६०० लिटर असेल, तर १.८ ग्रॅम लोह रोज येते. त्याचे फेरिक हायड्रॉक्साइड झाले की कोरडे वजन साधारण ३.४ ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे १०० ग्रॅम होते. ओल्या अवस्थेत हा पदार्थ बुळबुळीत आणि फुगलेला असतो, त्यामुळे तो याच्या कित्येक पट जागा व्यापतो. आरओला यातला थोडाच हिस्सा जात असला, तरी १ मायक्रॉनच्या कॅन्डलचा पृष्ठभाग बंद करायला तेवढा पुरतो. ५ मायक्रॉनच्या कॅन्डलमध्ये निदान तिच्या जाडीत तो पसरत होता. जो गाळ रोज तयार होतो, तो फेकून देण्याच्या वस्तूत साठवणे परवडत नाही. तो अशा ठिकाणी अडवावा लागतो जे धुऊन पुन्हा वापरता येते.

येथे टीडीएस मीटरविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांमध्ये पाण्याची परीक्षा याच एका आकड्यावर होते. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते. लिटरला ३ मिलिग्रॅम लोहाने त्यात पडणारा फरक जाणवण्याइतका नसतो, म्हणून टीडीएस ११० असूनही पाणी लाल असू शकते. विक्रीच्या वेळी दोन सळ्यांचे विजेवर चालणारे उपकरण पाण्यात बुडवून दाखवतात आणि नळाच्या पाण्यात तपकिरी चिखल झालेला दिसतो. त्यावरही विश्वास ठेवू नये. तो चिखल प्रामुख्याने उपकरणातील लोखंडी सळी झिजून तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज वाहत नाही आणि सळी झिजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या वडिलांना हे प्रात्यक्षिक दाखवले गेले असेल, तर त्यांना हे अवश्य सांगा.

आता घरच्या घरी करता येणारी तपासणी. काचेच्या चार स्वच्छ बाटल्या घ्या. पहिली बोअरच्या तोंडाशी, मोटर दहा मिनिटे चालू राहिल्यावर भरा. दुसरी टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपातून. तिसरी सकाळी न्हाणीघराचा नळ उघडताच येणाऱ्या पहिल्या धारेची. आणि चौथी त्याच नळाचे पाणी पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरची. पांढऱ्या कागदासमोर ठेवून लगेच पाहा, तासाभराने पाहा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पहिली बाटली आधी निवळ आणि नंतर तांबूस झाली, तर लोह बोअरमधून विरघळून येत आहे. तिसरी लगेचच गढूळ आणि चौथी स्वच्छ असेल, तर तो घरातील पाइपांचा गंज आहे. तळाशी खरखरीत कण लगेच बसले आणि चिमटीत घेतल्यावर टोचले, तर ती वाळू.

तळाच्या लाल थरात जांभ्याची माती आहे की ताजे लोह, अशी शंका येऊ शकते. वरचे पाणी ओतून टाका, थरावर कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व घाला आणि हलवून अर्धा-एक तास ठेवा. ताजे लोह बऱ्याच अंशी विरघळून पाणी पिवळट पण पारदर्शक होते. माती तशीच राहते. आणखी एक सोपी खूण म्हणजे पेरूची पाने. दोन-तीन पाने चुरगळून पेलाभर पाण्यात टाका. लोह असेल तर पाण्याला जांभळट-काळी छटा येते, कारण पानांतील टॅनिन लोहाशी संयोग पावते. चहा काळपट होतो तो याच कारणाने. या खुणांवरून लोह आहे एवढे कळते; ते किती आहे, हे प्रयोगशाळाच सांगेल.

ती तपासणी टाळू नका. जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत खाजगी नमुना अल्प शुल्कात तपासून मिळतो. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी), एकूण लोह, मँगनीज, कठीणपणा, गढूळपणा आणि जिवाणू एवढे सांगून करून घ्या. लोहाचा नमुना साध्या बाटलीत दोन दिवस पडून राहिल्यास लोह बाटलीच्या काचेला आणि तळाला चिकटते आणि अहवालात आकडा खोटा कमी येतो. म्हणून त्यासाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील लोहाची मर्यादा पूर्वी लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने १.० झाली. मात्र भांड्यांवर डाग आणि तोंडाला कळकट चव ०.३ च्या वर गेल्यावरच जाणवू लागते, म्हणून घरासाठी लक्ष्य ठेवताना मी जुनाच आकडा धरतो.

वाळूचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. मोटर सुरू होतानाच वाळू येते आणि नंतर थांबते, यावरून पंप तळाच्या फार जवळ असावा किंवा बोअर काही वर्षे साफ झालेले नसावे, अशी शक्यता दिसते. कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश करून घ्या आणि पाण्याची पातळी परवानगी देत असेल, तर पंप तळापासून तीन-चार मीटर वर उचलून घ्या. त्यानंतरही थोडी वाळू येत राहिली, तर मोटरच्या लाइनवर खालून चाकी उघडून धुता येणारा जाळीचा फिल्टर पुरतो. पण जून-जुलैत पहिल्या पावसानंतर पाणी एकदम गढूळ होत असेल, तर ती वेगळी आणि गंभीर बाब आहे: केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या) बाजूने वरचे पाणी आत शिरत आहे आणि त्यासोबत जिवाणूही येत आहेत. अशा वेळी कोणताही फिल्टर लावण्याआधी केसिंग जमिनीच्या वर फूटभर घेऊन सभोवती काँक्रीटचा ओटा करणे, हाच पहिला खर्च.

घरातील जीआय लाइनबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. आतले जस्त संपल्यावर पाइप आतून पापुद्र्यांनी भरत जातो आणि आम्लधर्मी पाण्याने तो वेगाने झिजतो. ती लाइन बदलून सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी या प्लॅस्टिकचे पाइप घाला. मिस्त्रीने सवयीने वापरलेले लोखंडी निपल आणि सॉकेट (पाइप जोडायचे तुकडे) राहू देऊ नका; नवीन प्लॅस्टिक पाइपात दोन इंचांचा लोखंडी तुकडा राहिला, तरी रोज सकाळची पहिली धार लाल येते.

मुख्य काम लोहाचे. ते तीन टप्प्यांत होते: पाण्याला हवा देणे, कण तयार व्हायला वेळ देणे आणि तयार झालेले कण धुता येईल अशा थरात अडवणे. लोहाला लागणारा प्राणवायू फार थोडा असतो. १ मिलिग्रॅम लोहासाठी सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. म्हणजे पाण्यात हवा चांगली मिसळली की प्राणवायूची कमतरता पडत नाही. खरी अडचण पीएचची असते. या रूपांतराचा वेग पीएच एका अंकाने वाढला की सुमारे शंभर पट वाढतो. पीएच ७ जवळ ज्याला मिनिटे लागतात, त्याला ६ जवळ दिवस लागू शकतात. जांभ्याच्या सड्यावरील पाणी बहुधा आम्लधर्मी असते, आणि म्हणूनच देशावर उत्तम चाललेली यंत्रणा कोकणात तशीच आणून बसवली तर अपयशी ठरू शकते. तुमच्या बादलीत तासा-दोन तासांत रंग येतो, त्यावरून पीएच फारच कमी नसावा असा माझा अंदाज आहे, पण अहवाल येईपर्यंत तो अंदाजच.

व्यवस्था अशी करता येईल. सध्याच्या टाकीच्या आधी ५०० लिटरची एक वेगळी टाकी ठेवा. बोअरचे पाणी त्यात पाइपाने बुडवून सोडू नका. भोके पाडलेल्या आडव्या पाइपातून ते फवाऱ्यासारखे पडू द्या, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या दोन क्रेटमध्ये स्वच्छ खडी भरून तिच्यावरून गळू द्या. यामुळे हवा मिसळते आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पीएचही थोडा वर येतो. पीएच ६.५ च्या खाली असेल, तर एका क्रेटमध्ये साध्या खडीऐवजी संगमरवराची बारीक खडी घाला. ती हळूहळू विरघळून आम्लता कमी करते. मात्र तिच्यावर लोहाचा लेप बसतो, म्हणून महिन्यातून एकदा घासून धुवावी लागते आणि संपेल तशी भर घालावी लागते. पाणी घेण्याचा पाइप तळापासून सहा इंच वर ठेवा आणि अगदी तळाशी गाळ सोडण्यासाठी मोठा व्हॉल्व्ह द्या. ही सगळी रचना बारीक जाळीने पूर्ण झाका, अन्यथा डासांची पैदास होईल.

रात्रभर निवळलेल्या पाण्यातही बारीक कण तरंगत राहतात. त्यांच्यासाठी १० इंच व्यासाचे आणि ५४ इंच उंचीचे एफआरपी व्हेसल (फायबरची उभी बंद टाकी), खाली गारगोटी, वर वाळू आणि मँगनीज डायऑक्साइडचा मीडिया (गाळणारे दाणे), अशी मांडणी मी बहुतेक घरांसाठी सुचवतो. मँगनीज डायऑक्साइड उरलेल्या विरघळलेल्या लोहाच्या रूपांतराला गती देतो. पाण्यात मँगनीजही असेल, तर तो जवळजवळ आवश्यकच ठरतो, कारण निव्वळ हवेने मँगनीज सहज निघत नाही. या व्हेसलमधून तासाला ५०० ते ६०० लिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये.

अशा फिल्टरचे भवितव्य बॅकवॉशवर, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुण्यावर, ठरते, आणि घरगुती कामांत सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. मीडिया धुताना पाणी खालून वर इतक्या जोराने जावे लागते की संपूर्ण थर सैल होऊन उचलला जाईल. त्यासाठी गाळतानाच्या वेगाच्या किमान तीन-चार पट प्रवाह हवा. गच्चीवरच्या टाकीच्या तीन मीटर उंचीतून मिळणारा दाब जेमतेम ०.३ बार असतो. त्यावर फिल्टर गाळण्याचे काम कसेबसे करेल, पण धुतला जाणार नाही. काही महिन्यांत आत लाल चिखलाचे गोळे होतात, पाणी त्यांच्यामधून वाट काढून न गाळताच बाहेर येते आणि ‘मीडिया खराब होता’ असा निष्कर्ष काढला जातो. म्हणून अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा पंप या कामासाठी स्वतंत्र असावा आणि बॅकवॉशचा पाइप नजरेसमोर मोकळा सुटलेला असावा. हँडल फिरवल्यावर प्रथम गडद लाल, मग नारिंगी आणि शेवटी निवळ पाणी येते. ते निवळ होईपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटे, थांबायचे. सुरुवातीला एक दिवसाआड करा आणि पाण्याच्या रंगावरून अंतर ठरवा. हे लाल पाणी शोषखड्ड्यात सोडू नका, तो तुंबेल; उघड्या चरातून बागेच्या कडेला जाऊ द्या.

एक गोष्ट अजून पाहायची आहे. टाकीच्या भिंतीला हात लावल्यावर नारिंगी बुळबुळीत थर हाताला येतो का आणि साचलेल्या पाण्यावर तेलासारखा चमकदार तवंग दिसतो का? तो तवंग काडीने मोडा. तुकडे होऊन तसेच वेगळे राहिले, तर तो लोहाचा किंवा लोहजिवाणूंचा; पुन्हा एकत्र जुळून आला, तर खरोखरच तेलाचा, म्हणजे पंपाच्या तेलगळतीची शंका घ्या. लोहजिवाणू स्वतः रोगकारक नसतात, पण ते पाइप आणि मीडिया दोन्ही तुंबवतात. ते असतील तर बोअरमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅमच्या प्रमाणात क्लोरीन सोडून बारा तास ठेवावे आणि नंतर वास जाईपर्यंत उपसून फेकावे. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे २१ लिटर पाणी असते. ४० मीटर पाण्यासाठी ताजी ब्लीचिंग पावडर पाव किलोच्या आसपास लागते. पावडर बादलीत कालवून वरची निवळीच ओतावी. ब्लीचिंग आणि कोणतेही आम्ल एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. मोटर साफ करायला कोणी अ‍ॅसिड सुचवल्यास त्याच दिवशी तर मुळीच नाही. त्या दिवशी आरओचा नळ बंद ठेवा, कारण क्लोरीन मेम्ब्रेनचे नुकसान करते.

तुरटीविषयी विचारणा होतेच, म्हणून लिहितो. पावसाळ्यातील मातकट पाणी निवळायला तुरटी चांगली आहे. विरघळलेल्या लोहावर तिचा उपयोग होत नाही, शिवाय ती पीएच आणखी खाली नेते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या उलट होते.

हे सगळे झाल्यावर स्वयंपाकघरात काय ठेवायचे? टीडीएस ११० असताना आरओची गरज नाही, असे माझे मत आहे. तो असलेले थोडे क्षारही काढतो आणि बरेच पाणी वाया घालवतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. नायट्रेट किंवा तत्सम काही अहवालात आढळले, तर हे मत बदलावे लागेल. अन्यथा लोह ०.३ च्या खाली आल्यावर ५ मायक्रॉनची कॅन्डल, कार्बन फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) पुरेसे आहे. सध्याच्या यंत्रात यूव्ही असेल, तर त्याची काचेची नळी उघडून पाहून घ्या. तिच्यावर लोहाचा तपकिरी थर बसला असेल तर किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत, दिवा मात्र चालू दिसतो, आणि घरातल्यांना वाटते की पाणी निर्जंतुक होत आहे.

त्यामुळे अहवाल येईपर्यंत आई-वडिलांना आदल्या रात्री भरून ठेवलेल्या पाण्याचे वरचे निवळ पाणी, जाड सुती फडक्यातून गाळून आणि चांगले उकळून, गार झाल्यावर पुन्हा गाळून प्यायला सांगा. पांढऱ्या कपड्यांवर डाग पडले असतील, तर ब्लीच लावू देऊ नका, त्याने डाग पक्के होतात, लिंबूसत्त्वाने जातात. बॅकवॉशचे हँडल वडिलांना बसल्या जागी फिरवता येईल अशा उंचीवर घ्यावे, कारण वाकून किंवा शिडी चढून करायचे काम महिन्याभरात मागे पडते. प्रयोगशाळेचा कागद हातात आला की पीएच, लोह, मँगनीज आणि बोअर तासाला किती पाणी देते हे चार आकडे कळवा. संगमरवराची खडी लागेल की नाही आणि १० इंची व्हेसल पुरेल की १३ इंची घ्यावे लागेल, हे त्यावरून निश्चित सांगता येईल.